साडेनऊ ते दीड

व्हॅनमधून आम्ही नऊ जण उतरलो.
इल्दे म्हणाली, आधी माती बघा, वाइन कुठे पळून जात नाही.
तिच्या बुटांवर पांढरी धूळ, छातीवर नावाची पट्टी
आणि खिशात छाटणीची कात्री,
जी साडेनऊ ते दीड
एकदाही बाहेर निघाली नाही.

मोन्फेर्रातोच्या उतारावर ओळीमागे ओळ,
दर ओळीच्या तोंडाशी गुलाबाचं एक झाड.
शोभेचं नाही हं, म्हणाली.
भुरी आधी गुलाबाला लागते, मग वेलीला.
तो आजारी पडला की आम्ही जागे होतो.
डेन्मार्कच्या बाई गुलाबाजवळ वाकल्या,
चेहऱ्यावर दवाखान्यात भेटायला आल्याचा भाव.
गुलाब ठणठणीत होता.

दोन ओळी पलीकडे ब्लागोय पानं खुडत होता,
घडाला सकाळचं ऊन लागेल, दुपारचं लागणार नाही,
इतकीच.
मॅसेडोनियाहून आला एका हंगामासाठी,
त्याला एकोणीस वर्षं झाली.
मणी अजून वाटाण्याएवढे, हिरवे, तुरट.
त्याने मान हलवली, आम्हीही हलवली.
माहितीपत्रकात तो नव्हता.

मग एकतीस पायऱ्या उतरून तळघर.
हिवाळ्यात शेतात काम नसायचं,
म्हणून माणसं आपल्याच घराखाली खोदत बसायची,
छिन्नीचे घाव अजून भिंतीवर, कुणी डावखुरा होता तेही कळतं.
कोनाड्यांत बाटल्या आडव्या,
धुळीने सगळ्या एका वयाच्या केलेल्या.
इथे इल्देने आवाज खाली आणला आणि युद्धाची गोष्ट काढली:
जर्मन आले, तेव्हा आजेसासऱ्यांनी
सगळ्यात चांगली वाइन या भिंतीआड चिणली...

"अचेतो!"
वरच्या पायरीवर ओरेस्ते, तिचे सासरे,
जूनमध्ये लोकरी स्वेटर.
चिणलं ते व्हिनेगर होतं, म्हणाले, अंधारात पिंपं चुकली.
वाइन जर्मनांनीच प्यायली.
जाताना आभार मानून गेले.

आम्ही हसलो. इल्देही हसली,
आठवड्यातून तीनदा लागणारी गोष्ट
पुसून परत कोनाड्यात ठेवावी तशी.

वर टेबलावर पाव, सलामी, हेझलनट
आणि थुंकायला चिनी मातीचं भांडं.
पहिल्या ग्लासाला आम्ही त्यात अदबीने थुंकलो,
तिसऱ्याला ते कुणाला दिसेना.
ओरेस्तेंना डॉक्टरांची बंदी.
ते ग्लास नाकाशी नेत आणि तसाच खाली ठेवत,
दुसऱ्याचं पत्र हाती पडल्यासारखा.

कुणीतरी विचारलं, सगळ्यात चांगलं वर्ष कुठलं?
इल्देचं ठरलेलं उत्तर ओठांवर येतंय तोवर
म्हातारा म्हणाला, सत्त्याण्णव.
ऑगस्टमध्ये देल्फिना गेली.
सप्टेंबरात घड असे लागले
की शेजाऱ्यांना दाखवायची लाज वाटावी.
एक मणी सडका नाही.
मी रात्री जाऊन वेलींना शिव्या घातल्या.

हे मला कळलं,
कारण तीन वर्षं तुरीनच्या पोस्टात रांगा लावून
जेवढी भाषा येते तेवढी मला येते.
इल्देने ग्लास उजेडात धरला
आणि बाकीच्यांना सांगितलं,
"त्या वर्षी ऊन छान होतं."

मी हळूच विचारलं, एखादी ठेवलीत?
एक.
उघडली नाही?
त्यांनी दोन बोटं बुचासारखी फिरवली.
आता व्हिनेगर झालं असेल.
आणि हेझलनटची ताटली माझ्याकडे सरकवली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. खोकी चढली,
सहा-सहाची, मध्ये पुठ्ठे घातलेली.
वळणावर मागच्या काचेतून दिसलं:
इल्देने नावाची पट्टी काढली,
भांडं अंजिराच्या मुळाशी उपडं केलं,
आणि कात्री काढून
ब्लागोयच्या ओळीत शिरली.
एक पस्तीस झाले होते.