तारीख असलेलं काहीतरी

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवायचा असतो.
सात आठवडे ब्रशने, चमच्याने, दातकोरण्याने
जे कणाकणाने मोकळं केलं
त्यावर नुगझार फावड्याने माती लोटणार,
आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.
"झाकलेलं टिकतं," म्हणतो.
रुस्तावीच्या कारखान्यात तो भट्टीवर होता.
ही माती जळलेली, ही नुसतीच काळी,
तळहातावर घेऊन सांगतो.
प्रयोगशाळेचा कागद डिसेंबरात येतो
आणि बहुतेकदा त्याच्याच बाजूने बोलतो.

मी नोंदवही सांभाळते.
पिशवीवर क्रमांक, थर, दिवस, सही.
माझ्या अक्षराशिवाय हे सगळं
तिबिलिसीला पोचेस्तोवर नुसती खडी,
असं मी स्वतःशी म्हणते. दुसरं कोण म्हणणार?

लामारा हाडांची.
घोट्याच्या एका हाडावरून मेंढी की शेळी ते सांगते,
माणसांत मात्र तिची गल्लत होते:
चाळणीवरच्या विदादीला ती रोज
त्याच्या भावाच्या नावाने हाक मारते,
आणि तो रोज ओ देतो.
मालखाझ तीन पायांच्या यंत्रामागे, एक डोळा मिटून.
बायको निघून गेली त्या आठवड्यात
त्याचा एकही आकडा चुकला नाही.

चौथ्या थरात चूल निघाली.
पाच हजार वर्षांपूर्वीची, शंभरेक इकडे-तिकडे.
शेजारी मडक्याचं बूड,
आतून एकाच बाजूला करपलेलं.
आमच्या प्रमुख एतेरी म्हणाल्या, विधी असावा.
पोरं म्हणाली, हल्ला झाला, घाईत पळाले.
वाद दुपारपर्यंत चालला.

मकवाला जेवणाची पातेली घेऊन आली,
कमरेवर हात ठेवून वाकली.
"लागलंय," म्हणाली.
"वारा नदीकडून होता,
आणि ही कुणाशी तरी बोलत उभी राहिली."
मग ती पाव मोजू लागली.

जरा वेळाने एतेरी हळूच मला म्हणाल्या, लिही.
मी लिहिलं. माहिती देणारी: स्वयंपाकीण.
खोडलं. मकवाला, असं लिहिलं
आणि आडनाव विचारायला
सात आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या तंबूत गेले.

बुजवण्याआधी तळाशी एक नाणं ठेवतात.
यंदाचं. म्हणजे पुढे कुणी खणलं तर त्याला कळावं:
इथवर माणसं येऊन गेली,
याच्या खाली अजून कुणाचा हात लागलेला नाही.

एतेरींनी हात पुढे केला. आम्ही खिसे चाचपले.
फोन निघाले, बिया निघाल्या, लामाराकडे एक दाढ निघाली,
मेंढीची.
विदादीकडे एक नाणं होतं, बारा वर्षं जुनं.
"बारा वर्षांची चूक," मालखाझ म्हणाला, "नाही चालणार."

ऊन उतरू लागलं. नुगझार फावड्यावर हनुवटी टेकून थांबला.

तेव्हा मकवालाने कचऱ्याच्या गोणीतून
माशांच्या डब्याचं झाकण काढलं,
बाटलीच्या पाण्याने धुतलं, एप्रनला पुसलं.
"घ्या. छापील तारीख आहे."

एतेरींनी चष्मा कपाळावर सारून वाचलं.
"अगं, ही तर दोन वर्षांनंतरची.
या तारखेच्या आत खावे."

"मग?" मकवाला म्हणाली,
"तोवर तरी आपण चांगले आहोत."

कुणी हसलं, कुणी नाही.
एतेरी स्वतः शिडीने उतरल्या,
झाकण चुलीपाशी ठेवलं, अक्षरं वर करून,
आणि वर येताना त्यांना नुगझारचा हात घ्यावा लागला.

पहिलं फावडं पडलं. मी वहीत दिवस लिहायला घेतला
आणि क्षणभर अडले, कुठला लिहू.

तंबूकडून काहीतरी लागल्याचा वास आला.
मकवाला अजून इथेच होती,
विदादीशी बोलत उभी.