हयातीचा दाखला

नोव्हेंबरात डोमाजी थूल येतात
आपण जिवंत आहोत हे सांगायला.
माझ्या केंद्रात दोन खुर्च्या, एक प्रिंटर
आणि ते लाल डोळ्याचं यंत्र.
उजवा अंगठा. नाही.
धोतराला पुसून पुन्हा. नाही.
स्क्रीन म्हणते, ठसा जुळत नाही.

"कसा जुळंल बाई?
चामडी वायरीवर राह्यली त्याची."

पुलगावच्या बाजूनं धाडकन आवाज येतो,
जुना दारूगोळा निकामी करताहेत.
चहाच्या ग्लासात एक वर्तुळ उठतं.
"एक," म्हणतात डोमाजी.

जेसोरच्या अलीकडे, कापलेल्या धानाच्या चिखलात
पाठीवर रीळ घेऊन हा माणूस तुटकी लाइन शोधत होता.
दोन्ही टोकं दातांनी सोलून बोटांत धरली,
तेवढ्यात तिकडून कुणी हँडल फिरवलं.
झिणझिणी कोपरापर्यंत.
"आईवरून शिवी हासडली मी.
मंग समजलं, लढाई थांबल्याचा निरोप होता.
माह्यातून गेला, मले न सांगता."

दोन.

त्याआधी छप्पन साली
हाच अंगठा बापाच्या केसांत रुतलेला,
खांद्यावरून दिसलं ते सगळं पांढरं,
धुतलेल्या लुगड्यांचं नागपूर.
बाप काय म्हणत होता ते आठवत नाही.
त्याच्या केसांना घामाचा वास होता, एवढंच.

आणि युद्धानंतरच्या दुष्काळात, सुट्टीवर आले तर
गयाबाई सडकेच्या कामावर खडी फोडत होती.
गावानं आणलेला हार तिनं बाजूला ठेवला.
"हातोडी धरा, उद्या मोजमाप हाय."
फौजेच्या पँटीत आठ दिवस खडी फोडली.
मेडल कुठंय विचारलं तर डोमाजी
त्या सडकेकडे बोट दाखवतात.

तीन, चार. लागोपाठ.

मग बँकेच्या दारात निळा गणवेश,
काडतूस नसलेली बंदूक.
नोटा बंद झाल्या त्या आठवड्यात
सगळ्या तालुक्याला रांगेत उभं केलं त्यांनी,
संध्याकाळी स्वतःच्या चार नोटा घेऊन शेवटी उभे राहिले,
तोवर शटर खाली.
हे सांगताना मात्र ते हसत नाहीत.

मी तर्जनी लावते. मधलं बोट. अनामिका.
डाव्या हाताचीही तीच गत.
डोळ्याचं यंत्र मोतीबिंदूपाशी अडखळतं.
मागे रांग खोकू लागते.

उरली डावी करंगळी.
ठेवली, आणि हिरवा दिवा लागला.
*पेन्शनधारक हयात आहे.*

डोमाजी करंगळी उलटीपालटी करून पाहतात,
दुसऱ्याच्या घरची पोट्टी असावी तशी.
"हिनं तं जल्मात काही केलंच नाही."

कागद घडी करून टोपीत खोचला,
पण घरी गेले नाहीत, पायरीवर बसले.
मी दुपारी शटर ओढताना तिथंच.
"चला ना, आबाजी."
"अकरा झाले," ते म्हणाले, पुलगावकडे कान देऊन.
"रोज बारा असतात."