इथे फुंका

सोमवारी पत्रक आलं,
दोनच परिच्छेद, खाली संचालकांची फराटेदार सही:
जो कामगार सिगारेट सोडेल
त्याला वर्षाला चार दिवस जादा रजा.
शिबेनिकच्या गोदीत, फाटकाच्या आतल्या बाजूला
मी स्वतः ते चिकटवलं.
दुपारपर्यंत बुरा वाऱ्यानं एक कोपरा उचकटून
वाचायला घेतलं होतं.

मग यंत्र आलं.
साबणाच्या वडीएवढं, एक आखूड नळी, काचेत आकडा.
श्वासात किती विष आहे ते सांगतं.
जन्मभर फुंकत आलेल्या माणसांना
मी, गोदीची नर्स, म्हणायचं होतं:
इथे फुंका.

कुणी पुढे येईना.
येर्को रंगाचे हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.
तोन्चीला अचानक क्रेनची आठवण झाली.
म्हटलं, घाबरता काय, बघा,
आधी मीच.

अकरा.

कोपऱ्यातला हीटर टकटक वाजत होता.
"यंत्र बिघडलंय," तोन्ची म्हणाला,
माझी अब्रू झाकायला. भला माणूस.
यंत्र बिघडलं नव्हतं.
सकाळी सहाला, बसथांब्यावर, अंधारात
एक हातमोजा काढून ओढलेली ती एक.
तिला मी कधी व्यसन म्हटलं नाही.
ती पाच मिनिटं होती
ज्यात कुणाचाही रक्तदाब मोजायचा नसे.

श्पिरो तेवढा हसला नाही.
ठिणग्यांनी भुवया विरळ झालेला,
गोदीतला सगळ्यात जुना वेल्डर.
माझी नळी काढून त्यानं नवी लावली,
डोळे मिटून फुंकला, केकवरची मेणबत्ती विझवावी तसा.
चौतीस.
"अकरा नि चौतीस, पंचेचाळीस," तो म्हणाला.
"वहीत लिही, नेवेंका.
दोघांचं मिळून लिही."

त्यानंतर रोज दहा वाजून दहा मिनिटांनी
आम्ही जुन्याच जागी, पत्र्याच्या आडोशाला उभे राहायचो.
सुटी तीच, वारा तोच,
फक्त हातांना काम नव्हतं.
येर्कोच्या मेहुण्याची नेरेत्वाच्या खोऱ्यात बाग;
त्यानं गोणीभर संत्री आणली, बारकी, पातळ सालीची.
मग सोलत बसायचो.
श्पिरोची साल अखंड निघायची, एका वेटोळ्यात,
आणि तो ती परत फळासारखी मिटवून
माझ्या टेबलावर ठेवून जायचा, आत काही नसलेली.
गोदीत पहिल्यांदाच
डिझेल सोडून दुसरा कसला वास आला.

तोन्ची तीन दिवस टिकला, नंतर लपून प्यायचा,
आणि लपताना खोकायचा.
त्याला मी काही बोलले नाही.
बोलायला तोंड कुठे होतं.

एकोणिसाव्या दिवशी श्पिरो आला तो मान खाली घालून.
सतरा.
रात्री मुलीचा फोन आला होता, न्यूझीलंडहून,
नातू झाला म्हणून.
दुःखाची तयारी त्यानं केली होती,
गोंदपट्टी, गोळ्या, थंड पाणी,
सगळं मी सांगितलं तसं.
आनंद झाल्यावर काय करायचं
ते कुणी सांगितलंच नव्हतं.
"अंगणात गेलो," म्हणाला, "आणि हात आपोआप खिशात गेला."

तक्त्यात दोनच रकाने आहेत:
यशस्वी, अयशस्वी.
त्या दोहोंमधल्या रेघेवर
मी बारीक अक्षरात लिहिलं: नातू.
कार्यालयातून विचारणा झाली, हा कुठला संक्षेप?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल श्पिरो पाच.
माझे दोन.
दोन म्हणजे काही नाही, पुस्तिकेत छापलंय,
शहराची हवा, बसचा धूर,
शेजाऱ्याची शेगडी.
मी पुस्तिका उघडून ओळ दाखवली.
श्पिरोनं विरळ भुवई वर केली,
खिशातून नवी नळी काढली, माझ्यापुढे धरली:
परत फुंक.