गुण्या

मेढ्याहून बामणोलीला उतरलो तेव्हा
पाणी लांब गेलेलं. मे संपत आलेला, गाळाला भेगा.
होडी टायरांवर तिरकी,
एका बुडीत घराच्या उघड्या पडलेल्या जोत्याला टेकून.
घर कुणाचं, ते खोर्शेदबाईंना ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं नाही. कामाला आलो होतो.

होडीचं नाव टिटवी.
शीड घडी करून पाचगणीत, माळ्यावर.
आत दोन बाकं, एक कपाट, एक आडभिंत
आणि वास,
पेटीत ओला राहिलेल्या कोटाचा.

मी दारं करतो. पाळणे, चौरंग,
एकदा शाळेची चाळीस बाकं केली.
पिशवीतून आधी गुण्या निघतो.
इथं तो कुठंच बसेना.
जिकडं लावावा तिकडं फट.
"ठेवा तो पिशवीत," बाई म्हणाल्या,
"जाल म्हणायचा, होडीत सरळ अशी फक्त डोलकाठी.
आमची ती पण वाकडी."

पटाशीच्या मुठीनं ठोकत गेलो.
ठक. ठक. ठक.
मग धप्प.
पेचकस टोचला तर मुठीपर्यंत गेला,
गरम उकडीत बोट जावं तसा.
धरणाचं पाणी, मी म्हटलं.
बाईंनी बोट वर केलं:
छताच्या पट्टीतला एक स्क्रू, डोकं गंजून गळालेलं.
बारा पावसाळे तिथून थेंब थेंब,
कपाटाच्या पाठीमागून, आवाज न करता.
खाली एवढा जलाशय,
त्यातलं वाटीभरही आत आलेलं नाही.

चांगलं लाकूड काढताना ओरडतं.
हे नुसतं सुटत गेलं,
ओंजळीत, मिश्रीसारखं काळं.

आंब्याच्या पेटीचे पुठ्ठे कापून साचे केले.
मुलीचं कर्कटक आणलं होतं,
टोक होडीच्या पोटावर, पेन्सिल पुठ्ठ्यावर,
पोट जिकडं वळेल तिकडं हात.
तरी पहिली फळी उलटी कापली.
डाव्या अंगाची उजव्या अंगाला.
अठराशे रुपयांचं मरीन प्लाय.
बाई गाळातून जोत्यापर्यंत चालत गेल्या,
परत आल्या, म्हणाल्या, चहा घ्या.

तिसऱ्या दिवशी आडभिंत निघाली.
जालच्या सांध्यातून पोस्टकार्ड जात नाही,
हे मी तीनदा ऐकलं होतं.
आणि मागच्या बाजूला, पट्टीखाली झाकलेली,
बोटभर फट.
भुसा आणि सरस कालवून बुजवलेली.
भोवतीचं सगळं कुजून गेलेलं,
ही बुजवण तेवढी दगडासारखी.
मी पट्टी परत वर धरली.
माणूस गेलेला आहे, कशाला.

"दिसलं ना?"
बाई दारात वाकून उभ्या, हातात थर्मास.
"त्या रात्री बॅटरी मी धरली होती.
मला झोप आली, उजेड हलला, त्याची रेघ गेली.
सकाळी पट्टी मारलेली.
तो बोलला नाही. मी पण नाही."
मग थर्मासचं झाकण पुसत बसल्या,
बराच वेळ, ते कोरडंच होतं.

बुजवण तशीच ठेवली.
नवी फळी तिच्याभोवती कोरून बसवली,
त्याला अर्धा दिवस जास्त गेला.
तो मजुरीत धरला नाही, आणि
बाईंनी न विचारता धरला.
स्क्रू सगळे पितळी. वरच्या भोकात डांबर आणि काथ्या.

जुलैत फोन आला, पाणी टायरांना लागलंय म्हणून.
मी विचारलं, आणि जोतं?
"कुठलं?"
काही नाही, म्हटलं.

उलटी कापलेली फळी मेढ्याला आहे.
एक कड सरळ, एक होडीच्या पोटाची.
घरात ती लागेल अशी जागा नाही.
मुलगी ती मांडीवर घेऊन अभ्यास करते,
वळलेली बाजू पोटाशी.
बरोबर बसते, म्हणते.