रात्री दोनचा बिघाड

नवतपाचा तिसरा दिवस. वहीत अठरा तक्रारी.
नंदनवनात कॉइलवर बर्फ धरला,
खामल्यात सोफ्यावर पाणी टपकून राहिलं,
गोधनीचा एक जण तर फोनवरच रडकुंडीला आला.
त्याला म्हटलं, भाऊ, पहिले रिमोट पहा,
पंख्याच्या खुणेवर असंल.
होता.
अशा कामाचे पैसे नाही मिळत.

मानेवाड्याच्या बारापात्रे काकूंची तक्रार मात्र
लिहितानाच खटकली:
'रोज रात्री दोनला आपोआप बंद पडते. सकाळी लावला की चालते.'
मशीनला कुठं घड्याळ समजते?
टायमर लागला असंल म्हणून पाहिलं. नव्हता.

जाळी काढली. धूळ होती, पण रोग म्हणावा एवढी नाही.
लोखंडी शिडीनं छतावर गेलो.
पान्हा हातात धरवत नव्हता, दुपट्टा गुंडाळून धरला.
बाहेरच्या युनिटच्या पाठीवर सावरीचा कापूस,
जशी कोणी गादी पिंजून ठेवली.
ब्रशनं काढला. धुतलं.
कपॅसिटर फुगला नव्हता.
गॅसचा काटा सव्वाशेवर, हलायला तयार नाही.
क्लॅम्प लावला: सहा अँपिअर, शहाण्या पोरासारखा.
व्होल्टेज पडत असंल म्हणावं
तर शेजारचे तिन्ही एसी रात्रभर चालतात,
काकूंनी आधीच विचारून ठेवलं होतं.

खाली आलो, तेव्हा दिसलं.
स्टॅबिलायझरवर बोटभर धूळ,
आणि लाल बटण तेवढं चकचकीत,
देवळातल्या नंदीच्या पाठीसारखं.

मी काकांकडे पाहिलं.
काका कॅलेंडरकडे पाहून राहिले,
जसा काही बिघाड तिथंच छापला आहे.

ब्रश वरच राहिला म्हणून पुन्हा चढलो,
तर काका शिडी धरायला आले.
शिडीशीच बोलावं तसे बोलले:
"पौषात ती बारा दिवस नळीवर होती.
तवापासून मला दोनला जाग येते.
हा घरघर करते ना,
तिचा श्वास चालू हाय का नाही, समजतच नाही.
मग बंद करतो. ऐकतो.
ऐकता ऐकता डोळा लागते,
चालू करायचा राहून जाते."

वीस वर्षं झाली या धंद्यात.
ह्याचा कोड कोणत्याच पुस्तिकेत नाही.

स्टँडचे बोल्ट कसले.
खालचे रबर उन्हानं पापडासारखे झाले होते,
डिक्कीत लूनाची जुनी ट्यूब पडली होती,
तिचे चार तुकडे कापून घातले.
आतला ब्लोअर काढून मोरीत धुतला,
पात्यांतून काळा चिखल निघाला
आणि एक मेलेली पाल.
भिंतीला घासणारा पाइप फडक्यानं बांधला.

मग चालू केला.
आम्ही तिघं उभे, कान देऊन.
भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.
काकांनी हळूच काकूंच्या तोंडाकडे कान नेला.
"काय करून राहिले!" म्हणून त्या खेकसल्या.

फाटकापाशी काकूंनी पाण्याचा गिलास दिला,
माठातलं, वाळा टाकलेलं.
"लंकेश, तुला म्हणून सांगते.
मी जागीच असते रे.
बटण टक्कन वाजते, मला समजते.
मग मी मुद्दाम मोठ्यानं श्वास घेते,
तवा कुठं ते झोपतात."

"मग उठून चालू करायचा ना काकू."

"उठली तर त्यांना समजंल ना,
जागी होती म्हणून."

"मग मला काहून बोलावलं?"

"उकडते ना बाप्पा!"

पावतीवर बिघाडाच्या रकान्यात लिहिलं: आवाज.
साडेचारशे घेतले.
फोन वाजला. झिंगाबाई टाकळी.
"थंडच नाही करत हो!"
म्हटलं, येतो.
तोवर खिडक्या लावल्या का, ते पहा.