बुधवारची रात्र, कोंबडा आरवेपर्यंत

रेगोवेलोच्या ओढ्यावरच्या या पाणचक्कीला मालक नाही.
मालकी आहे ती वेळेची.
दाराच्या चौकटीशेजारी दगडात
अकरा घरांच्या अकरा खुणा:
कुऱ्हाड, किल्ली, अर्धा चंद्र, कुणाचं नुसतंच भोक.
मंगळवारची संध्याकाळ लोउरेइरोंची.
माझ्या आईनं हुंड्यात आणले
गुरुवारचे चार तास, दोन चादरी, एक शेळी.
शेळी मेली. चादरी विरल्या.
गुरुवार अजून चालू आहे.

खाली आडव्या चाकावर पाणी आदळतं,
वर दगड फिरतो,
दगडावर लाकडाचं पाखरू टकटकत
चाड्यातून मका सोडत राहतं, दाणा दाणा.
टकटक बदलली की चाडं रिकामं:
दगडाला दगड लागायच्या आत उठायचं.
मी अजून उठते,
घरी, माझ्या पलंगावर,
कुठेही काही शांत झालं की.

परवा सांतियागोहून एक तरुण आला, टेप घेऊन.
किती जुनी?
दगड तिसरा, म्हटलं, चाक सातवं,
छपराची एखादी पाटी दर वादळात नवी.
पाणी तर आजचंच.
त्यानं बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग पन्हाळीखाली हात धरला, आणि दचकला.
पीठ गरम असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बुधवारची रात्र एलादिओची.
अर्धी गालिसिया बोटीत चढत होती, तोही चढला,
ब्युनोस आयर्सला.
जाताना म्हणाला, माझी पाळी सांभाळा.
म्हणून बुधवारी अंधार पडला की
आम्ही बाजूची फळी उचलतो,
पाणी तसंच जाऊ देतो.
ओढा करंगळीएवढा होतो त्या ऑगस्टातही.
वडिलांनी एकदाच चोरून दळलं.
ती भाकरी घशाखाली उतरली नाही, असं सांगायचे.
आई म्हणायची, चार खाल्ल्या.

मागच्या महिन्यात एलादिओच्या नातीचा फोन.
आजोबांच्या कागदांत सापडलं, म्हणाली,
रेगोवेलो, बुधवारची रात्र, कोंबडा आरवेपर्यंत.
हे विकता येतं का? किती चौरस मीटर आहे?

दीड पोतं, मी म्हटलं.
हिवाळ्यात पाणी मोठं असतं, तेव्हा दोन.

ती हसली, की फोनच खरखरला, कळलं नाही.
तिच्याकडे भर दुपार होती.
इथे डोंगरामागे बुधवार मावळत होता.
थांब हं, म्हटलं, तुझी वेळ सुरू होतेय,
आणि फोन तसाच टेबलावर ठेवून
फळी उचलायला खाली गेले.

गुडघे आता भरभर चढत नाहीत.
परत आले तेव्हा ती अजून होती.