चौसष्ट नंबर

तीन सीझन मी त्याच्या मागे उभा होतो.
चेहरा फारसा दिसला नाही,
हेल्मेटच्या जाळीआड मिशी आणि पंचांपासून लपवलेली तंबाखूची गोळी, एवढंच.
पाठ मात्र पाठ होती मला.
जर्सी काढली की डाव्या खांद्याखाली हुकाचा जुना वण,
घातली की घामाने काळवंडलेला चौसष्टमधला चार,
आणि चेंडू हलायच्या आधी
उजवी टाच किंचित उचलायची सवय,
ट्रकखाली उभं राहून
पहिली गोणी अंगावर घेताना उचलतात तशी.

नवनाथ शेडगे. राहणार कोपरखैरणे, माथाडींची बैठी घरं.
कुट्टी सर बटाटे घ्यायला वाशीच्या मार्केटात गेले होते,
तिथे उतारावरून सुटलेली हातगाडी
पाठीवरची गोणी न टाकता
एकाने कमरेने अडवली.
“पळता येतं?” सरांनी विचारलं.
“कशापायी?” तो म्हणाला.
निवड झाली.

काम असं:
माझ्या डावीकडे उभं राहायचं.
फेकायला हात मागे नेला की जी बाजू मला दिसत नाही, तिथे.
येईल त्याला अडीच सेकंद थोपवायचं.
चेंडूला हात लावायचा नाही,
समोरच्याची जर्सी धरायची नाही,
वळून बघायचं नाही.
सर घड्याळ लावायचे. अडीच.
मग पुन्हा वाकायचं, पुन्हा अडीच.

स्कोअरच्या वहीत फेकणाऱ्याचा रकाना होता,
झेलणाऱ्याचा होता, पळणाऱ्याचा होता.
त्याचा नंबर फक्त चुकला की भोंग्यावर यायचा,
“होल्डिंग, चौसष्ट, दहा यार्ड मागे!”
आणि पत्र्याच्या गॅलरीत त्याची आई
लेकाचं नाव निघालं म्हणून
टाळ्या वाजवायची.
तिला कुणी सांगितलं नाही. आम्ही का सांगू?

पहाटे चारला मार्केट, दुपारी घणसोलीचं मैदान.
वजन वाढवा म्हणाले, म्हणून रोज चोवीस अंडी.
सुवर्णावहिनी वाण्याच्या वहीत अंडी मांडायच्या,
दुसऱ्या वर्षी अंड्यांची उधारी घरभाड्याच्या पुढे गेली.
पगार आधी अकरा हजार, मग सात,
मग एका जिमचं कूपन.
बोटं वाकडी झाली तेव्हा म्हणाला,
“गोणीला वाकडीच बरी, धरायला सोपी.”

खारघरला सेमीफायनल, समोर हैदराबाद.
गुडघ्याचा आवाज मी ऐकला,
ओला बांबू तडकावा तसा.
तो पडला. पडल्या पडल्याही
त्या माणसाचा घोटा हातात धरून होता,
नियमात बसत नव्हतं.
मी चेंडू फेकला.

पुढच्या वर्षी लीग आलीच नाही.
बेलापूरच्या ऑफिसला कुलूप,
हेल्मेटं तुर्भ्याच्या भंगारात किलोवर.
मी ऐरोलीत नोकरीला लागलो,
काचेच्या इमारतीत, दिवसभर खुर्चीवर.

सहा वर्षांनी, बहिणीच्या लग्नाचे कांदे घ्यायला गेलो
तर गाळ्यासमोर एक पाठ.
नाव आठवायच्या आधी टाच ओळखली.
“नवनाथ!”
वळला. चहा झाला. पोरगी आठवीत, आई गेली,
गुडघा थंडीत बोलतो.
मग बशी खाली ठेवत,
“एक इचारू? त्या दिवशी तू बॉल टाकलास.
पोचला का रं?”

दवाखान्यात सगळे गुडघ्याबद्दलच बोलले होते.
मी घाबरून कुंपणाबाहेर भिरकावलेला तो चेंडू
नाल्यापलीकडे गेला होता.
“पोचला,” मी म्हणालो.
“व्हय?”
“हातातच बसला.”
“मंग झालं,” म्हणाला,
डोक्यावरची चुंबळ सारखी केली
आणि गोणीकडे वळला.

चालताना त्याचा डावा पाय
थोडा मागे राहतो.
हे मला ठाऊक नव्हतं.